एका पत्त्यावर चार व्यवसाय: नकाशावरच्या नोंदी वेगळ्या ठेवायच्या कशा?

जिन्याखालचा (धागालेखक)

एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही चार जण व्यवसाय करतो: एक दंतवैद्य, एक फिजिओथेरपिस्ट, एक करसल्लागार आणि वास्तुरचनेचे काम करणारा मी. जागा एकत्र घेतली, तिचे चार भाग पाडले, स्वागतकक्ष एकच ठेवला आणि खर्च वाचावा म्हणून दूरध्वनीही एकच घेतला. प्रत्यक्ष व्यवहारात यामुळे कधी अडले नाही, कारण दारात आलेल्या माणसाला कुठे जायचे ते स्वागतकक्षातून सांगितले जाते. अडचण सुरू झाली ती नकाशावर.

चौघांत संगणकाशी त्यातल्या त्यात सख्य माझे, म्हणून नोंदींचे काम माझ्याकडे आले. मी एका बैठकीत, एकाच खात्यातून, तोच पत्ता, तोच फोन आणि आमच्या सामायिक संकेतस्थळाच्या मुखपृष्ठाचा तोच दुवा देऊन चारही नोंदी करून टाकल्या आणि काम उरकले म्हणून खूशही झालो. काही महिन्यांनी लक्षात आले की दंतवैद्याची नोंद नकाशावरून गायब आहे आणि तिच्यावरचे अभिप्राय करसल्लागाराच्या नोंदीखाली दिसत आहेत. त्यांतला पहिलाच असा: ‘दाढ काढली, अजिबात दुखले नाही, हात फार हलका आहे.’ पाच तारे. करसल्लागारांचे म्हणणे असे की इतक्या वर्षांत त्यांच्या कामाचे एवढे कौतुक कुणीच केलेले नाही.

हसण्याचा भाग सोडला, तर नुकसान खरे आहे. दाढ दुखणारा माणूस फोन करतो आणि नाव करसल्लागाराचे पाहून ठेवून देतो. गुडघेदुखीचे रुग्ण थेट माझ्या आराखड्यांच्या टेबलापाशी येऊन बसतात. मला विचारायचे आहे ते एवढेच, की एका पत्त्यावर चार स्वतंत्र नोंदी ठेवणे नियमात बसते का, आणि बसत असेल तर त्या पुन्हा एकमेकींत मिसळू नयेत म्हणून नेमके काय वेगळे ठेवावे लागते?

नोंदवही

नियमात बसते. गूगलच्या नकाशावर व्यवसायांच्या नोंदी ज्या सेवेतून होतात त्या गूगल बिझनेस प्रोफाइलच्या नियमांत (2021 च्या नोव्हेंबरपर्यंत याच सेवेला गूगल माय बिझनेस म्हणत असत) एका पत्त्यावर एकच व्यवसाय असावा असे कुठेही म्हटलेले नाही. एका व्यवसायाची एका ठिकाणी एकच नोंद असावी, असे मात्र स्पष्ट म्हटले आहे. ही दोन वाक्ये ऐकायला सारखी वाटतात आणि निम्मे घोटाळे त्यातूनच होतात. तुम्ही चौघे चार व्यवसाय आहात, म्हणून चार नोंदी. उद्या तुम्हीच वास्तुरचना, अंतर्गत सजावट आणि बांधकामाची देखरेख अशी तीन कामे करता म्हणून स्वतःच्या तीन नोंदी केल्यात, तर ते नियमाबाहेर जाईल. ती कामे एकाच नोंदीत श्रेणी, म्हणजे व्यवसायाचा प्रकार, म्हणून लावायची. एक मुख्य श्रेणी आणि तिच्या जोडीला नऊपर्यंत अतिरिक्त श्रेणी देता येतात.

तेव्हा संगणक बाजूला ठेवा आणि आधी जिना उतरून रस्त्यावर उभे राहा. तिथून वर येणाऱ्या अनोळखी माणसाला हे चार वेगळे व्यवसाय आहेत हे कुणालाही न विचारता कळते का? चौघांच्या नावाच्या कायमस्वरूपी पाट्या आहेत का? नोंदीत लिहिलेल्या वेळेत प्रत्येकाकडे त्याचा स्वतःचा माणूस हजर असतो का? नोंदणीची कागदपत्रे चौघांची वेगवेगळी आहेत का? या प्रश्नांची उत्तरे ‘हो’ असतील, तर नोंदी वेगळ्या ठेवणे हे बऱ्यापैकी यांत्रिक काम आहे. ती ‘नाही’ असतील, तर नोंदीत कितीही फेरफार केले तरी पडताळणीच्या वेळी, म्हणजे व्यवसाय खरोखर तिथे आहे याचा पुरावा गूगल मागते तेव्हा, ते उघडे पडते.

मिसळण्यामागचे कारण तुम्हीच सांगितले आहे. नकाशा चालवणारी यंत्रणा दोन नोंदी एकच आहेत का हे नाव, पत्ता, फोन, संकेतस्थळ आणि श्रेणी यांच्या साम्यावरून ठरवते. तुमच्या चारही नोंदींत यांतल्या तीन गोष्टी तंतोतंत सारख्या होत्या. त्यातून एखाद्या वाटसरूने ‘ही नोंद दुबार आहे’ असे कळवले असेल, तर यंत्रणेने ते खरे मानण्यात नवल नाही.

जिन्याखालचा

रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. पाट्यांबद्दल प्रामाणिकपणे सांगायचे, तर खाली प्रवेशद्वारापाशी चौघांची नावे एकाच फलकावर आहेत, आणि वर दारांवर फक्त दंतवैद्याची पाटी आहे. फिजिओथेरपिस्टने दारावर छापील कागद चिकटवला आहे. माझ्या दारावर काहीच नाही. कागदपत्रे मात्र चौघांची पूर्णपणे वेगळी आहेत. प्रत्येक भागाला क्रमांकही आहे, पण तो मी नोंदीत लिहिलाच नव्हता, कारण टपालवाला नावावरूनच पत्रे वाटतो.

खोली क्रमांक सात

क्रमांक जरूर लिहा, मात्र त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. पत्त्याच्या दुसऱ्या ओळीत लिहिलेला गाळा किंवा खोलीचा क्रमांक माणसाला उपयोगी पडतो आणि कागदपत्रांशी ताळा जुळवायलाही. नकाशावरची पिन मात्र त्याने हलत नाही. चौघांच्या पिना एकमेकींवर बसलेल्या असतील तर त्या हाताने ओढून ज्याच्या त्याच्या दारापाशी नेता येतात. आमच्याकडे इमारतीला दोन बाजूंनी प्रवेश होता आणि सगळ्यांच्या पिना मागच्या, कुलूपबंद फाटकावर होत्या. पहिल्या वर्षी आलेल्या प्रत्येक माणसाने त्या फाटकाला वळसा घातला असेल.

फोनच्या बाबतीत मात्र तडजोड करू नका. चार नोंदींना चार वेगळे क्रमांक हवेत. ते चारही क्रमांक स्वागतकक्षातल्या एकाच उपकरणावर वाजले तरी हरकत नाही, पण फोन उचलणाऱ्याने कोणत्या क्रमांकावर फोन आला आहे ते पाहून त्या व्यवसायाचे नाव घेतले पाहिजे. ‘हॅलो, बोला’ असे म्हटले की समोरचा गोंधळतो.

संकेतस्थळ सामायिक असले तरी चालते, मात्र प्रत्येक नोंदीतून जाणारा दुवा त्या त्या व्यवसायाच्या स्वतंत्र पानावर गेला पाहिजे, आणि त्या पानावर फक्त त्याच व्यवसायाचे नाव, पत्ता, फोन आणि वेळा असाव्यात. पानाच्या तळाशी चौघांचे फोन ओळीने छापण्याची हौस टाळा. पान कशाबद्दल आहे हे शोधयंत्राला सांगणाऱ्या, संकेतस्थळाच्या आतल्या खुणा ज्यांना लावता येतात त्यांनी प्रत्येक पानावर स्कीमा डॉट ऑर्गच्या शब्दसंग्रहातला ‘लोकल बिझनेस’ हा प्रकार त्या त्या व्यवसायापुरता लावावा. चारही व्यवसाय एकाच खुणेत कोंबू नयेत.

पायरीवर बसलेला

इतके सगळे करण्यापेक्षा एक सोपा उपाय आहे. एकाने दुसरा मजला लिहावा, दुसऱ्याने तिसरा, तिसऱ्याने इमारतीच्या नावाआधी ‘मागील बाजू’ असे घालावे. आणि नावातच काम घालून टाकावे, म्हणजे करसल्लागाराच्या नावापुढे ‘उत्तम करसल्ला, त्वरित विवरणपत्र’ असे. माझ्या ओळखीच्या एका एजन्सीने हे कित्येकांना करून दिले आहे आणि ते वरही दिसतात.

नोंदवही

वर दिसतात ते निलंबित होईपर्यंत. माझा सूर कडक वाटेल, त्याबद्दल क्षमस्व, पण या दोन्ही सल्ल्यांनी बुडालेल्या नोंदी मी हाताळल्या आहेत. नावाच्या रकान्यात पाटीवर, पावतीवर आणि व्यवहारात असलेले खरे नावच चालते. त्यात कामाचे वर्णन, गावाचे नाव किंवा जाहिरातीचे शब्द घालणे नियमांत स्पष्टपणे वर्ज्य आहे. वर्णनासाठी 750 अक्षरांचा स्वतंत्र रकाना आहे, तिथे हवे ते सविस्तर लिहावे. खोटा मजला तर पहिल्याच पडताळणीत उघड होतो, कारण आता बहुतेकांना व्हिडिओद्वारेच पडताळणी करायला सांगितले जाते आणि व्हिडिओत जिना दिसतो. एक नोंद खोटी ठरली की त्याच खात्यातल्या, त्याच पत्त्यावरच्या बाकीच्यांकडेही संशयाने पाहिले जाते. एकाच्या हुशारीचा भुर्दंड चौघांनी भरायचा, असा हा मामला होतो.

पायरीवर बसलेला

मान्य. पण मग मी निराळा प्रश्न विचारतो. आमच्या सामायिक कार्यालयात बरेच जण फक्त टपालासाठी पत्ता वापरतात आणि महिन्यातून एकदा येतात. त्यांनी नोंद करायचीच नाही का?

नोंदवही

त्या पत्त्यावर नाही. टपालपेटी चालत नाही, आणि आभासी कार्यालय तिथे कामाच्या वेळेत व्यवसायाचा स्वतःचा कर्मचारीवर्ग हजर नसेल तर चालत नाही. सामायिक कार्यालयातल्या जागेला तीन अटी आहेत: स्वतःची स्पष्ट पाटी, नोंदवलेल्या वेळेत तिथे ग्राहकांना भेटणे, आणि त्या वेळेत स्वतःचे कर्मचारी तिथे असणे. सामायिक स्वागतकक्षातली व्यक्ती ही कार्यालय चालवणाऱ्याची कर्मचारी असते, तुमची नव्हे.

जो माणूस ग्राहकाकडे जाऊन काम करतो, त्याने पत्ता झाकून सेवाक्षेत्राची नोंद करावी. तिच्यात वीसपर्यंत क्षेत्रे देता येतात आणि एकंदर परीघ मूळ ठिकाणापासून गाडीने सुमारे दोन तासांच्या आत असावा, अशी अपेक्षा आहे. त्यासाठीसुद्धा खरे ठिकाण लागतेच. फक्त ते लोकांना दिसत नाही.

दोन नंबरची खुर्ची

धागालेखकाचे चारही व्यवसाय निरनिराळे आहेत, हे त्यांचे नशीब. आम्ही एका पत्त्यावर दोन स्वतंत्र फिजिओथेरपिस्ट आहोत. नावे वेगळी, फोन वेगळे, पाने वेगळी, पाट्याही वेगळ्या. तरीही ‘फिजिओथेरपिस्ट’ असा शोध घेतला की कायम एकीचीच नोंद दिसते आणि माझी दिसत नाही. माझे नाव टाकून शोधले तर लगेच सापडते. हा कसला न्याय?

नोंदवही

हा दंड नाही, ती चाळणी आहे. 2016 च्या सप्टेंबरमध्ये गूगलच्या स्थानिक शोधात एक मोठा बदल झाला आणि या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी त्याला ‘पॉसम’ असे टोपणनाव दिले. पॉसम हा मेल्याचे सोंग घेणारा प्राणी आहे. नोंदी मेल्यासारख्या वाटतात पण असतात जिवंत, म्हणून हे नाव. पूर्वी एकाच फोनच्या किंवा संकेतस्थळाच्या नोंदी चाळणीत अडकत. त्या बदलानंतर एकाच इमारतीतल्या आणि एकाच श्रेणीतल्या नोंदीही अडकू लागल्या, कारण एकाच दारातले पाच जण ओळीने दाखवण्यापेक्षा वेगवेगळ्या ठिकाणचे पर्याय दाखवावेत असा त्यामागचा विचार आहे.

हे स्वतः तपासता येते. तोच शोध घ्या, नकाशा तुमच्या इमारतीवर मोठा करत न्या, आणि एका टप्प्यावर तुमची पिन उगवली तर समजावे की नोंद शाबूत आहे आणि फक्त गाळली जात आहे. उपायांची मात्र मर्यादा आहे. मुख्य श्रेणी खरोखर वेगळी असू शकत असेल, म्हणजे तुमच्यापैकी एकीचे बहुतांश काम खेळाडूंच्या दुखापतींचे असेल आणि त्याला चपखल बसणारी श्रेणी यादीत असेल, तर ती घ्यावी. बाकी काम अभिप्राय, छायाचित्रे, संकेतस्थळ आणि बाहेरचे उल्लेख यांच्या बळावरच होते. शोधातला क्रम समर्पकता, अंतर आणि प्रसिद्धी यांवर ठरतो असे गूगल स्वतःच सांगते. एका इमारतीतल्या दोघींचे अंतर सारखेच, त्यामुळे उरलेल्या दोन गोष्टींतच फरक पडू शकतो.

दोन नंबरची खुर्ची

म्हणजे शेजारणीचे अभिप्राय माझ्याहून जास्त आहेत तोवर मी झाकलेली राहणार. पटले नाही, पण कळले.

हजेरीपट

याच विषयाची दुसरी बाजू मांडतो, कारण आमच्याकडे ती सर्वांत त्रासदायक ठरली. आमचा दवाखाना एक संस्था आहे आणि तिच्यात पाच डॉक्टर बसतात. रुग्णांशी थेट संबंध येणाऱ्या डॉक्टर, वकील, सल्लागार अशा व्यक्तींना स्वतःची नोंद करता येते, मदतनीसांना नाही. पाच डॉक्टर असतील तर संस्थेची नोंद वेगळी आणि डॉक्टरांच्या वेगळ्या, आणि डॉक्टरच्या नोंदीच्या नावात संस्थेचे नाव येता कामा नये. एखाद्या नाममुद्रेखाली (ब्रँडखाली) एकच व्यक्ती काम करत असेल, तर मात्र दोन नोंदी न करता एकच करावी आणि तिचे नाव आधी नाममुद्रा, मग अपूर्णविराम (:), मग व्यक्तीचे नाव असे लिहावे.

आमचा प्रसंग असा झाला. आमच्याकडच्या एका डॉक्टरांनी दवाखाना सोडला आणि आम्ही त्यांची नोंद संस्थेच्या नोंदीत विलीन करायला निघालो, कारण तिच्यावर अभिप्राय चांगले होते. ते चुकीचे होते आणि नैतिकदृष्ट्याही मला आज खटकते. व्यक्तीची नोंद व्यक्तीसोबत जाते. त्यांनी तिच्यातला पत्ता बदलून नव्या जागेचा करायचा असतो आणि लोकांचे अभिप्राय त्यांच्याबरोबर जातात. म्हणून आता आम्ही रुग्णांना अभिप्राय द्यायची विनंती करताना संस्थेच्या नोंदीचाच दुवा देतो. डॉक्टरांना हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे रुसवेफुगवे होत नाहीत.

खोली क्रमांक सात

या ओघात खात्यांचेही बोलले पाहिजे. धागालेखकाने चारही नोंदी आपल्या एकाच खात्यातून केल्या आहेत. सध्या सलोखा आहे म्हणून ठीक, पण उद्या तुम्ही जागा सोडलीत तर तिघांच्या नोंदींच्या चाव्या तुमच्या खिशात राहतील. प्रत्येक नोंदीचा प्राथमिक मालक त्या त्या व्यवसायाचा माणूस असावा आणि तुम्ही फक्त व्यवस्थापक राहावे. मालकी एका दिवसात सोपवता येईल असे मात्र समजू नका. नव्याने जोडलेल्या मालकाला किंवा व्यवस्थापकाला पहिले सात दिवस नोंद हटवणे, दुसऱ्या वापरकर्त्याला काढणे, प्राथमिक मालकी पुढे देणे अशा गोष्टी करता येत नाहीत. ज्यांची नोंद दुसऱ्याच्याच खात्यात अडकली आहे, त्यांनी नकाशावरून मालकीची मागणी नोंदवावी. विद्यमान मालकाला उत्तरासाठी तीन दिवस मिळतात. त्याने उत्तर दिलेच नाही, तर काही वेळा स्वतः पडताळणी करून ताबा घ्यायचा मार्ग खुला होतो.

आमच्या इमारतीत एका व्यवसायाची नोंद एका एजन्सीने आपल्या नावावर करून ठेवली होती आणि करार संपल्यावर ती एजन्सी पत्राला उत्तर देईना. त्या माणसाला स्वतःच्या दुकानाच्या सुट्ट्यासुद्धा नोंदीत बदलता येत नव्हत्या.

जिन्याखालचा

चार आठवड्यांनी परत येतो आहे. आधी पाट्या केल्या. चार दारांवर चार पाट्या, एकाच मापाच्या, आणि खालच्या फलकावर प्रत्येक नावापुढे खोली क्रमांक. चार फोन क्रमांक घेतले, चार पाने केली, तिघांना मालक करून मी व्यवस्थापक झालो. दंतवैद्याची हरवलेली नोंद नव्याने करावी लागली आणि तिची पडताळणी व्हिडिओने झाली. तो अनुभव थोडा विस्ताराने लिहितो, कारण मला आधी कुणी सांगितला असता तर एक फेरी वाचली असती.

पहिल्या वेळी मी आतूनच चित्रण सुरू केले: खुर्ची, दिवा, उपकरणे, भिंतीवरचे प्रमाणपत्र. ते नाकारले गेले. आता विचार केला तर कारण उघड आहे. त्या चित्रणात ही खुर्ची जगाच्या पाठीवर कुठे आहे हे कुठेच दिसत नव्हते. दुसऱ्या वेळी दंतवैद्यांनी स्वतः फोन हातात घेतला आणि रस्त्यावरून सुरुवात केली. समोरचा रस्ता आणि शेजारची इमारत दिसली, मग प्रवेशद्वारावरचा फलक, त्यावर त्यांच्या नावावर दोन सेकंद थांबून मग जिना, मग वरची पाटी. दाराशी त्यांनी खिशातून किल्ली काढली, एका हाताने कुलूप उघडताना फोन हलला आणि किल्लीचा जुडगा पडला. आम्हाला वाटले की पुन्हा करावे लागणार. पण व्हिडिओ सलग आणि न कापलेला असावा लागतो म्हणून त्यांनी चित्रण न थांबवता जुडगा उचलला, दार उघडले, खुर्ची दाखवली, औषधांचे कपाट किल्लीने उघडून दाखवले आणि शेवटी पावतीपुस्तकावरचे व्यवसायाचे नाव दाखवले. तेच मंजूर झाले. माझा अंदाज असा की कुलूप उघडणे हाच त्यातला वजनदार पुरावा होता, कारण जागा आपल्या ताब्यात आहे हे त्याहून थोडक्यात दाखवता येत नाही. रुग्णांचे चेहरे आणि त्यांची कागदपत्रे चित्रणात येऊ नयेत म्हणून आम्ही सकाळी दवाखाना उघडण्याआधीची वेळ निवडली होती.

एवढे झाल्यावर मी माझ्या स्वतःच्या नोंदीत खोली क्रमांक घातला, नाव पाटीप्रमाणे दुरुस्त केले, श्रेणी बदलली आणि फोन बदलला, हे सगळे पाच मिनिटांत. दुसऱ्या दिवशी माझी नोंद निलंबित.

नोंदवही

नाव, पत्ता, श्रेणी आणि फोन एका दमात बदलणे म्हणजे यंत्रणेच्या दृष्टीने नोंदीचा मालकच बदलल्यासारखे आहे. असे बदल एकेक करून, मध्ये काही दिवस सोडून करावेत. नाव आणि पत्ता बदलल्यावर पुन्हा पडताळणी मागितली जाऊ शकते, हे गृहीत धरावे.

अपील करताना एक सापळा आहे. अपील नोंदवल्यावर पुरावे जोडायचा अर्ज उघडला, की ते जोडायला फक्त 60 मिनिटे मिळतात. म्हणून अपिलाचे बटण दाबण्याआधीच व्यवसायाचे नोंदणीपत्र, परवाना, करविषयक प्रमाणपत्र आणि त्या जागेचे वीज किंवा दूरध्वनीचे देयक असे सगळे संगणकावर एका जागी ठेवा. त्या सर्वांवरचे नाव आणि पत्ता नोंदीतल्याशी अक्षरशः जुळतो का, ते पाहा. सामायिक जागेत इथेच गाडे अडते, कारण देयक चौघांपैकी एकाच्याच नावावर असते. तुमचे कुणाच्या नावावर आहे?

जिन्याखालचा

करसल्लागारांच्या. दूरध्वनीचे नवे देयक मात्र आता माझ्या नावावर, खोली क्रमांकासह येते. ते, नोंदणीपत्र आणि जागेच्या भाडेकराराचे माझ्या भागापुरते पान, असे तीन कागद जोडले.

हजेरीपट

निकाल येईपर्यंत कृपा करून दुसरी नवी नोंद करू नका. अनेक जण घाबरून तेच करतात आणि मग मूळ नोंद परत आली की दुबार नोंदीचे नवे लफडे उभे राहते.

खोली क्रमांक सात

बाकीच्या नकाशांबद्दल थोडक्यात. बिंग प्लेसेस या मायक्रोसॉफ्टच्या नोंदसेवेत गूगलची नोंद थेट आयात करता येते, म्हणून आधी गूगलवरचे सगळे नीट होऊ द्या. नाहीतर चुकाही तशाच आयात होतील. ॲपलच्या नकाशांसाठी 2023 च्या जानेवारीत बिझनेस कनेक्ट या नावाने सुरू झालेली सेवा आहे आणि तिथेही व्यवसायागणिक नोंद करावी लागते. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच मिळून बनवलेल्या नकाशावर तर तुमच्यासारख्यांची चैन आहे: एकाच इमारतीच्या आकृतीत प्रत्येक व्यवसायाचा स्वतंत्र बिंदू टाकता येतो, त्याला खोली क्रमांक आणि मजला जोडता येतो. फक्त तळमजला तिथे सहसा शून्य धरतात, एवढे ध्यानात ठेवा. जुन्या ऑनलाइन सूच्यांत तुमचा पूर्वीचा सामायिक फोन कुठे कुठे राहिला आहे, तेही शोधून काढा. हे कंटाळवाणे काम आहे आणि त्याला पळवाट नाही.

दोन नंबरची खुर्ची

एक व्यावहारिक सूचना. चौघांच्या वेळा निरनिराळ्या असतील, तर नोंदीतही तशाच ठेवा. आमच्या दोघींच्या वेळा आळसाने सारख्या लिहिल्या होत्या. मी दुपारी नसते, आणि दुपारी आलेल्या एका बाईंनी बंद दाराचा फोटो माझ्या नोंदीवर टाकला. तो फोटो अजून तिथे आहे.

जिन्याखालचा

अकरा दिवसांनी माझी नोंद परत आली, अभिप्रायांसकट. दंतवैद्याचे जुने अभिप्राय करसल्लागाराच्या नोंदीवरून काढण्यासाठी आम्ही ते ‘विषयाशी असंबद्ध’ म्हणून कळवले. सात गेले. दंतवैद्यांनी त्यांतल्या ओळखीच्या रुग्णांना नव्या नोंदीचा दुवा पाठवला आणि तिघांनी पुन्हा लिहिले. बाकीच्यांकडे आग्रह धरायचा नाही असे ठरवले.

हलक्या हाताचा तो पहिला अभिप्राय मात्र दोनदा कळवूनही हललेला नाही. करसल्लागारांनी त्याच्याखाली मालक म्हणून उत्तर लिहिले आहे: ‘आपल्या दाढेची वेदना थांबली याचा आनंद आहे. ते काम खोली क्रमांक तीनमध्ये झाले; हे खोली क्रमांक चार आहे. जिना चढून आल्यावर डावीकडचे पहिले दार दंतवैद्याचे आणि त्यापुढचे माझे.’ गेल्या आठवड्यात एका रुग्णाने खाली फलकापाशी उभे राहून आपल्या मुलीला हेच उत्तर फोनवर वाचून दाखवले आणि दोघे बरोबर दारात आले, असे स्वागतकक्षातून कळले. ते उत्तर आता तसेच राहू द्यावे, असे करसल्लागारांचे म्हणणे आहे.